प्रोग्रामिंग न येणाऱ्या शिक्षकाने स्वतःचे शैक्षणिक खेळ कशात बनवावेत?

स्क्रॅच या साधनात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. मोफत आहे, पडद्यावर आज्ञांचे ठोकळे एकमेकांत अडकवत जायचे. कहूट या संकेतस्थळावर प्रश्नमंजूषा दहा मिनिटांत होते, पण भराभर बटण दाबल्याबद्दल जास्त गुण देणाऱ्या प्रकाराला मी शिकण्याचा खेळ म्हणत नाही.

मी पाचवीला अपूर्णांकांची बेरीज शिकवत होते. निम्म्या वह्यांत १/३ + १/४ = २/७. अंशात अंश, छेदात छेद. फळ्यावर तीनदा समजावलं, पुढच्या गृहपाठात पुन्हा तेच. मग स्क्रॅचमध्ये ओढ्यावर फळी टाकण्याचा खेळ केला. १/३ लांबीची फळी आधीच टाकलेली, तिला १/४ ची जोडायची. मूल जे उत्तर लिहील तेवढ्याच लांबीची फळी पडद्यावर येते. २/७ लिहिलं की फळी होती त्याहून आखूड होते, कारण २/७ हे १/३ पेक्षाही लहान. एक मुलगी ओरडलीच, "बाई, जोडल्यावर कमी कशी झाली?" काठावर मी बारा खुणा आखल्या होत्या. तिने त्या बोटाने मोजल्या. चार आणि तीन. ७/१२ तिचं तिने काढलं, मी तोंड उघडलं नव्हतं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी तेव्हा म्हणाले होते, "तयार खेळ मिळतात की, शिक्षकाने शिकवावं." मला ते अजून पटलेलं नाही. तयार खेळाला माझ्या वर्गातला २/७ ठाऊक नसतो. तो लाल फुली दाखवतो आणि पुढचा प्रश्न टाकतो. तुम्हालाही कोणीतरी हेच ऐकवेल, तेव्हा मुलांच्या वह्या पुढे करा.

इतिहास किंवा भाषा शिकवत असाल तर ट्वाइन हे साधन बघा. पर्याय निवडत पुढे जाणारी गोष्ट त्यात लिहिता येते आणि ती एकाच फाइलमध्ये राहते, इंटरनेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडते. साधन कुठलंही घ्या, फाइल स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले माझे सगळे खेळ २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झाल्यावर उघडेनासे झाले.

पाढ्यांच्या सरावाला मात्र तयार खेळ चालतो, तिथे उगीच राबू नका. आणि वेळ लागतो हे खरं. त्या एका खेळाला माझ्या अकरा संध्याकाळी गेल्या. त्यांतल्या चार नुसत्या वह्यांतल्या चुका उतरवून घेण्यात.