तिसरीतल्या मुलाचं वर्गात लक्षच लागत नाही, बाई म्हणतात एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अति चंचलपणाचा त्रास) असेल. आधी कुठे दाखवू आणि शाळेला काय सांगू?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बाल मानसोपचारतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांकडे) जा, आणि रिपोर्टची वाट न बघता शाळेत छोटे बदल आत्ताच मागा. मी शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे, फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून सारखं शेजारच्याच्या वहीत डोकावणारं मूलही वर्गात चंचलच वाटतं. एडीएचडी रक्त तपासून कळत नाही, लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसावी लागतात, म्हणून डॉक्टर शाळेसाठी पण फॉर्म देतात, तो वर्गशिक्षिकेकडूनच भरून घ्या. फक्त वाचन-लेखनाच्या वेळीच टाळाटाळ होत असेल तर लर्निंग डिसॅबिलिटीची (वाचन-लेखन शिकण्यातच अडचण येणं) टेस्ट पण करा. बाईंना सांगा की त्याला पुढच्या बाकावर बसवा, खिडकी-दारापासून लांब, एका वेळी एकच सूचना द्या आणि "आता काय करायचंय?" ते त्याच्याकडूनच वदवून घ्या, दहा गणितं एकदम देण्यापेक्षा तीन-तीन द्या, मध्ये वह्या वाटायला उठवा. मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू देऊ नका, प्लीज, या मुलांना हालचाल लागतेच! फक्त एक, 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळं दिलेलं नाही, त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या रिपोर्टवर दहावीला जादा वेळ मिळेलच असं धरून चालू नका.