दखल घेतली की दिली?

प्रश्न आमच्या भाचीचा. मुलगी ग्वाल्हेरची, सध्या पुण्यात राज्यशास्त्र शिकते. निबंधात तिनं लिहिलं, ‘रवांडात नरसंहार चालू असताना संयुक्त राष्ट्रांनी दखल दिली नाही.’ बाईंनी ‘दिली’ खोडून ‘घेतली’ केलं. मामा, माझं चुकलं काय?

मराठीच्या हिशेबानं बाई बरोबर आहेत. मराठीत दखल घेतात, म्हणजे नोंद घेतात, लक्ष घालतात. दखल देणं हिंदीतलं, म्हणजे मध्ये पडणं. शब्द मूळचा अरबी, आत शिरण्याचा. ‘दाखल’ त्याचाच भाऊ. आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हिंदी रूपच रुळलं. फोडणी चालू असताना कोणी कढईत डोकावलं की आमची आजी डाव उगारायची, “मधे दखल नको देऊस!”

पण दुरुस्त झालेलं वाक्य खोटं ठरलं, त्याचं काय? सुरक्षा परिषदेनं रवांडाची दखल घेतली होती की. एप्रिल १९९४ मध्ये रीतसर ठराव झाला आणि तिथल्या शांतिसैनिकांची संख्या २७० च्या आसपास खाली आणायचं ठरलं. दखल घेतली, दिली मात्र नाही. तुझं ग्वाल्हेरी वाक्यच खरं होतं.

प्रमाण मराठीत ‘हस्तक्षेप केला नाही’ लिही. तो शब्द तुला शिवीसारखा वाटत असेल, तर तसा तो नाही. कोर्टानं हस्तक्षेप करावा अशी मागणी लोक करतात. लुडबुड करावी अशी कोणी केलेली ऐकली नाही. हिंदी पेपरातलं ‘मानवीय हस्तक्षेप’ तेवढं उचलू नकोस, मराठीत ते यंत्राच्या कामात माणसानं हात घातल्यासारखं वाटतं. ‘मानवतावादी’ रुळलंय. बाकी १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय नाटोनं कोसोवोसाठी युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले, ते ‘मानवतेसाठी’ की ‘मानवतेच्या नावाखाली’, हे लिहिणारा कुठल्या बाजूचा त्यावर.

आणि आपल्या गावचा दाखला विसरू नकोस. ४ जून १९८७ ला श्रीलंकेचा विरोध डावलून आपल्या हवाई दलानं जाफन्यावर अन्नधान्य आणि औषधं टाकली. सोबतीला मिराज विमानं होती, आपल्या महाराजपुऱ्याच्या तळावरच्या स्क्वाड्रनची. दिल्ली म्हणाली मदत, कोलंबो म्हणालं सार्वभौमत्वाचा भंग. तिकडच्या लोकांनी कुचेष्टेनं नाव ठेवलं ‘परिप्पू ड्रॉप’. परिप्पू म्हणजे डाळ. निबंधात हे घातलंस तर डाळीसकट घाल.