१९९३ च्या होंडा सिव्हिक सीएक्समध्ये होंडाच्याच इंटेग्रा जीएस-आरचं इंजिन बसेल का? (गाडी कॅलिफोर्नियात आहे)

हो, बसतं, आणि चासीला काटछाट न करता. त्या काळातली सिव्हिक आणि १९९४ ते २००१ ची इंटेग्रा यांची पुढची बांधणी बरीचशी सारखी आहे, त्यामुळे होंडाचेच माउंट आणि ब्रॅकेट वापरून १.८ लिटरचं व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं) इंजिन जागेवर येतं. ७० हॉर्सपॉवरच्या जागी १७०! फक्त सुटं इंजिन मात्र घेऊ नका. त्यासोबत हे त्याच इंटेग्राचं मिळवा:

- गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, गिअर लिंकेज
- ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. १९९४-९५ चा घेतलात तर तुमच्या वायरिंगचे प्लग जुळतात. व्हीटेक, नॉक सेन्सर (इंजिनातले ठोके ओळखणारा) वगैरेंच्या तारा तेवढ्या वाढवाव्या लागतात.
- ब्रेक. सीएक्सला मागे ड्रम आहेत, आणि दुपटीहून जास्त ताकदीच्या गाडीला ते ठेवू नयेत असं मला ठामपणे वाटतं. इंटेग्राचे मागचे डिस्क लावा.

एक अट आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं, प्रदूषण नियंत्रणाचे त्याचे मूळ भाग सगळे जागेवर हवेत, आणि स्मॉग रेफरीकडून (धुराची तपासणी करणाऱ्या राज्याच्या अधिकृत केंद्राकडून) तपासणी करून घ्यावी लागते. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धूर स्वच्छ करणारा भाग) पूर्ण संच असेल तरच पैसे द्या.