मशीन विकले, निर्णयाची भीती राहिली

प्रिय वाचक,

तुमचे पत्र मन लावून वाचले. भोसरीतली नोकरी सोडून तुम्ही स्वतःचे वर्कशॉप काढले, एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी शब्दावर कर्ज काढून व्हीएमसी मशीन (धातूचे भाग कापून घडवणारे संगणक-नियंत्रित यंत्र) घेतले आणि त्या गिऱ्हाइकाने काम थांबवल्यावर ते पडत्या भावात विकावे लागले. वडिलांच्या फंडातली बरीच रक्कमही त्यात गेली. आता दुसऱ्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळताना साध्या ड्रिल-इन्सर्टच्या, म्हणजे ड्रिलला बसवायच्या बदलत्या पात्यांच्या, कोटेशनवर सही करायलाही हात धजत नाही, फायली साचतात, आणि ‘माझी निर्णय घेण्याची कुवतच संपली आहे का?’ असे तुम्ही विचारता.

ती संपलेली नाही, हे मी तुमच्याच पत्राच्या आधारे म्हणते. सगळा दोष तुम्ही नोकरी सोडण्यावर टाकला आहे, पण मशीनची निवड योग्य होती आणि माल नापास होऊन परत आल्याचा एकही उल्लेख पत्रात नाही. चूक दोन ठिकाणी झाली. लेखी ऑर्डर हाती नसताना तुम्ही बँकेचा हप्ता अंगावर घेतला, आणि बिले चार-चार महिने थकत असताना त्याच गिऱ्हाइकासाठी दुसरी पाळी सुरू केली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे किती दिवसांत द्यायचे हे २००६ च्या कायद्याने ठरवून दिले आहे. लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तरीही काम जाईल या भीतीने लहान पुरवठादार गप्प राहतात, आणि ती भीती खोटी नसते. पण आपलेच पैसे मागण्याची सोय उरली नाही, तेव्हाच त्या गिऱ्हाइकावरचा भार कमी करायला हवा होता.

ज्या मॉडेलचे काम तुमच्याकडे होते, ते मॉडेलच गिऱ्हाइकाने बंद केले, हे मात्र तुम्हाला आधी कळणे शक्य नव्हते. म्हणून एक वही घ्या आणि मशीन घेतले त्या दिवशी काय माहीत होते, विचारले असते तर काय कळले असते आणि काय कोणालाच ठाऊक नव्हते, हे वेगवेगळे लिहा. तुमच्या वाट्याचा दोष मधल्या भागात आहे, आणि सुधारणाही तिथेच शक्य आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे लँडर चंद्रावर आदळल्यानंतर इस्रोने पुढच्या मोहिमेची आखणी करताना काय काय बिघडू शकते आणि बिघडले तरी यान कसे वाचेल, या प्रश्नांना अग्रक्रम दिला. उतरण्याची जागा पूर्वी ५०० मीटर लांब-रुंद धरली होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे लँडर सुखरूप उतरले. तुमच्या हिशेबात अशी ऐसपैस जागा नव्हती; एक ऑर्डर थांबली की हप्ता थांबणार, अशीच मांडणी होती.

यापुढे मोठा निर्णय घेण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली रीत वापरा: वर्ष उलटले आहे आणि हा बेत पुरता फसला आहे, असे धरून तो का फसला असेल याची कारणे लिहून काढा. ‘चुकेल का?’ या प्रश्नाला आपण सहज ‘नाही’ म्हणतो, ‘का चुकले?’ असे विचारले की न बोललेल्या शंका कागदावर येतात. तारीख आणि गृहीत धरलेल्या गोष्टीही नोंदवा, कारण निकाल लागल्यावर आठवण आपल्या सोयीने बदलते.

टेबलावरच्या फायलींना मात्र एवढा खटाटोप नको. इन्सर्टचा पुरवठादार चुकला तर पुढच्या महिन्यात बदलता येतो, तेव्हा तशी कोटेशने आली त्याच दिवशी निकालात काढा आणि वेळ वार्षिक करारांसाठी राखा. फाईल अडवून ठेवण्याचीही किंमत असते, ती फक्त शॉप फ्लोअरवरचे लोक मोजतात.

पुन्हा धंदा करावा का, हा प्रश्न कर्ज फिटेपर्यंत बाजूला ठेवा.

वडील एका शब्दानेही बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत जेवायला बसणे टाळता, असे तुम्ही लिहिले आहे. वहीतला हिशेब आधी त्यांना दाखवा: किती गेले, कशामुळे गेले आणि दरमहा किती परत देऊ शकाल. ते पैसे नको म्हणतील, असे मला वाटते. तरीही रक्कम ठरवूनच बसा.