वॉरंटी तीन वर्षांची, मुदत दोनच वर्षांची

मालवणच्या एका वाचकांनी 12 ऑगस्ट 2023 रोजी कोल्हापुरातून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, तीन वर्षांच्या वॉरंटीवर. घरी बसून ते ऑनलाइन फॉर्म भरून देतात, टायपिंग करतात. दोन महिन्यांत मशीन मधेच निळा स्क्रीन दाखवून बंद पडू लागलं. दुकानदाराने कधी रॅम (कॉम्प्युटरची मेमरी) पुसून बसवली, कधी फॉरमॅट मारला. आता तो म्हणतो, समुद्राच्या खाऱ्या हवेनं कॉन्टॅक्ट गंजले, हे वॉरंटीत बसत नाही. वाचकांचा प्रश्न असा, की वॉरंटी ऑगस्ट 2026 पर्यंत आहे, तर ग्राहक आयोगात तक्रार करायला तोवर वाट पाहावी का?

अजिबात नको. वॉरंटी किती वर्षांची हा दुकानदाराचा आणि तुमचा मामला. तक्रार किती दिवसांत करायची हे ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 ठरवतं, आणि तिथे दोन वर्षं लिहिली आहेत, तक्रारीचं कारण घडल्यापासून. या गैरसमजापायी दरवर्षी चारदोन जण माझ्याकडे मुदत उलटल्यावर येतात.

कारण कधी घडलं? तुम्ही पाठवलेल्या एकमेव जॉबशीटवर, म्हणजे दुकानाच्या दुरुस्तीच्या नोंदीवर, 9 ऑक्टोबर 2023 तारीख आहे, आणि 'रीस्टार्ट प्रॉब्लेम, रॅम क्लीन केली' असा शेरा. दोष पहिल्या दोन महिन्यांतला आहे हे सांगणारा हाच तुमचा सर्वांत भक्कम कागद, आणि मुदतही मोजली जाणार ती याच कागदापासून. जानेवारी 2025 मध्ये रॅमची एक स्टिक, म्हणजे पट्टी, बदलून दिली म्हणता. त्याचा चिठोरा जरी असता तरी मुदत तिथून मोजा असा युक्तिवाद करता आला असता. 'ओळखीचा माणूस, कागद कशाला' म्हणून तुम्ही तो घेतला नाहीत. आता काय बोलायचं?

म्हणजे दोन वर्षं 9 ऑक्टोबर 2025 ला संपतात. तेव्हा 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला आहे, त्याच्या आधी तक्रार दाखल करा. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण सबळ कारण द्यावं लागतं, आणि 'पुढच्या सोमवारी पार्ट येतोय' असं तो सांगत राहिला हे कारण पटेलच याचा भरवसा मी देणार नाही. नोटीस पाठवल्याने किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्याने मुदत थांबत नाही.

कोल्हापूरला खेपा घालायची गरज नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे सिंधुदुर्गच्या, ओरोसमधल्या जिल्हा आयोगात. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. दुकानदाराचा वकील 'हा धंद्यासाठीचा कॉम्प्युटर' म्हणेल. पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायदा ग्राहक मानतो, पण तुमच्याकडे पगारी माणसं असतील तर मला आधी सांगा.

राहिला खरा दोष कुठला. रॅमच खराब आहे असं मी म्हणत नाही. रॅम बसते तो मदरबोर्डचा स्लॉट असू शकतो, पॉवर सप्लायही असू शकतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर तो मूळ सेटिंगवर आणा, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा आणि स्क्रीनचे फोटो काढा. एक जरी एरर आली तरी ती नोंद मोलाची आहे. एकही नाही आली तरी सगळं ठीक असं समजू नका, काही दोष मशीन तापल्यावरच दिसतात. मग एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये तपासायची. एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक वाईट, स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड. मात्र कॅबिनेटला वॉरंटीचं सील असेल तर ते तुम्ही तोडू नका.

ही चाचणी तक्रारीला जोडा, पण तिच्यासाठी तक्रार अडवून ठेवू नका. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम 38 प्रमाणे आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. अहवाल 45 दिवसांत यावा लागतो आणि तिथली फी आधी तुम्हीच भरायची. अशा तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा असंही कायदा म्हणतो. तो प्रयत्न कसा चालतो ते तारखा घेणाऱ्यांना विचारा.

खाऱ्या हवेच्या मुद्द्यावर आज बोलत नाही. वॉरंटी कार्डाची मागची बाजू तुम्ही पाठवलेलीच नाही, आणि गंजाची अट असलीच तर ती तिथे बारीक अक्षरात असेल.

आणि 'शेवटचं एकदा पाठवून द्या, बघतो' असं दुकानदार म्हणतोय ना? मशीन पाठवू नका. त्यानं गुपचूप स्टिक बदलली तर आयोगाला तपासायला काय देणार?