‘शेल शॉक’ला धसका म्हणावं का?

रत्नागिरीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: पहिल्या महायुद्धावरचा लेख मराठीत आणतोय, तर पलटण सोडून गेलेल्या ‘डेझर्टर’ला ‘पळपुटा’ लिहू का, आणि लढाईने सैनिकाच्या मनावर बसणाऱ्या आघाताला, ‘शेल शॉक’ला, ‘तोफगोळ्याचा धक्का’ चालेल का?

दोन्ही नकोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘पळपुटा’ हा स्वभावावर मारलेला शिक्का आहे. दुसऱ्या बाजीरावाला तो बसला, तो आजतागायत पुसला गेलेला नाही. लष्करी कायदा हेतू बघतो. परत यायचंच नाही असं ठरवून पलटण सोडली तर फरारी. रजा संपली तरी घरी राहिला तर बिनरजा गैरहजर. तेव्हा ‘फरारी सैनिक’ लिहा. ‘फितूर’ तर मुळीच नको, फितूर शत्रूला जाऊन मिळतो.

खरी अडचण दुसऱ्या शब्दाची. धक्का बसतो आणि ओसरतो. धास्ती पुढे काय होईल याची असते. जे होऊन गेलं तेच आत ठाण मांडून बसतं, तो धसका. आमच्या मालवणकडच्या वाडीत मराठा पलटणीतून ब्रह्मदेशच्या लढाईला जाऊन आलेले एक पेन्शनर आजोबा होते. चतुर्थीत फटाका वाजला की हातातलं ताट तसंच ठेवून ते गोठ्यात जाऊन बसायचे, गाईच्या पाठीवर हात ठेवून. आजी आम्हा पोरांना दटावायची, “थंय लावू नुको रे, आबांनी धसको घेतल्यानी.” त्यांना भित्रा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

‘शेल शॉक’ हे नाव डॉक्टर चार्ल्स मायर्स यांच्या लेखातून १९१५ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनाच दिसलं, की ज्यांच्या आसपास गोळा फुटलाही नव्हता असे जवानही थरथरत, वाचा बसून येताहेत. तरी ब्रिटिश लष्कराने भेद केला: शत्रूच्या गोळ्याने झालं असेल तर ‘जखमी’, नाहीतर नुसता ‘आजारी’. मान आणि पेन्शन जखमीला. हॅरी फार नावाचा शिपाई याच दुखण्याने १९१५ मध्ये ५ महिने इस्पितळात होता. पुन्हा आघाडीवर धाडला, पुढे जायला तयार होईना, म्हणून भ्याडपणाच्या आरोपाखाली ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याच्यासह ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली, नव्वद वर्षांनी. अशा माणसाला मराठीत आपण पुन्हा ‘पळपुटा’ म्हणायचं? मला ते सहन होत नाही.

‘धसका’ या शब्दात गोळा फुटलाच पाहिजे अशी अट नाही, आणि दोषही नाही. ‘रणधसका’ असा जोडशब्द मात्र घडवू नका, तो कुणाच्या तोंडी बसणार नाही. पहिल्यांदा येईल तिथे ‘लढाईचा धसका, म्हणजे शेल शॉक’ असं लिहा. पुढे नुसतं ‘धसका’ पुरेल.