प्रमथनाथ बोस हे इंग्रजांच्या काळातले खाणअभियंते कोण? टाटांचा पोलाद कारखाना खरंच त्यांच्या एका पत्रामुळे उभा राहिला का?

पत्र खरं आहे. २४ फेब्रुवारी १९०४ला बोस यांनी जमशेटजी टाटांना कळवलं की मयूरभंज संस्थानात, म्हणजे आजच्या ओडिशात, उत्तम लोहखनिज आहे. पण 'एका पत्रामुळे' हे मला पटत नाही. त्याआधीची वीसेक वर्षांची पायपीट या गोष्टीतून नेहमी गळते.

बोस १८५५चे, बंगालमधले. गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८७४ला लंडनला गेले, रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकले आणि १८८०ला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात लागले. त्या खात्यात वरच्या श्रेणीत नेमणूक मिळालेले ते पहिले भारतीय. काटेकोरपणे बघितलं तर ते भूवैज्ञानिक. जमिनीखाली काय आहे हे सांगणं त्यांचं काम. ते काढायचं कसं आणि परवडेल का, हे बघायचं खाणअभियंत्याने. टाटांसाठी ते काम चार्ल्स पेज पेरिन आणि सी. एम. वेल्ड या अमेरिकनांनी केलं.

खात्यातली नोकरी म्हणजे हिवाळाभर तंबू ठोकत रानोमाळ हिंडायचं आणि पावसाळ्यात कलकत्त्याला बसून नकाशे, अहवाल करायचे. बोस यांनी नर्मदेचं खालचं खोरं असं पालथं घातलं. मग मध्य प्रांतात फिरताना त्यांना राजहराचे (आजच्या छत्तीसगडमधले) लोहखनिजाचे डोंगर दिसले आणि १८८७मध्ये त्यांनी त्यावर लिहिलंही. पुढे? काही नाही. सरकारी कागद तो, पडून राहिला.

टाटांचा शोध तेव्हा चांद्याकडे चालला होता, म्हणजे आपल्या चंद्रपूरकडे. लोहाऱ्याचं खनिज चांगलं होतं, पण एवढ्या मोठ्या कारखान्याला पुरेल असं सलग नव्हतं, आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालण्याजोगा निघाला नाही. १९०३ला वेल्डही तिथून हात हलवत परतला. असं सांगतात की त्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरला अधिकाऱ्याची वाट बघत होते, वेळ घालवायला म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या नकाशावर त्यांना दुर्ग भागातलं, म्हणजे राजहराकडचं, लोखंड दिसलं. त्या माहितीमागे बोस यांचं काम होतं. म्हणजे पत्राच्या आधीच त्यांनी टाटांना एकदा वाट दाखवली होती.

मग कारखाना राजहराजवळ का झाला नाही? मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो, त्यामुळे मला हे चटकन कळलं. आमच्या क्युपोलात, म्हणजे उभ्या भट्टीत, तयार पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगार नुसतं वितळवायचं असतं, तरी मालकाचा जीव हार्ड कोकच्या, म्हणजे कोळसा भाजून केलेल्या इंधनाच्या, भावात अडकलेला असतो. दगडातून लोखंड काढायचं तर त्या काळी टनभर लोखंडाला टनापेक्षा जास्त कोक लागायचा. झरियाचा कोळसा राजहरापासून फार लांब, मयूरभंजपासून जवळ.

आता बोस मयूरभंजला कसे पोहोचले ते बघा. १९०३ला खात्याचं संचालकपद थॉमस हॉलंड यांना मिळालं. ते खात्यात आले होते १८९०ला, बोस यांच्यानंतर दहा वर्षांनी. बोस यांनी नोकरी सोडली. त्यांना बोलावून घेतलं मयूरभंजच्या महाराजांनी, श्रीरामचंद्र भंजदेव यांनी. आपल्या संस्थानात काय दडलंय हे त्यांना बघून घ्यायचं होतं. हे महाराज आपल्या शाहू महाराजांपेक्षा तीनच वर्षांनी मोठे. १९०२ला इकडे कोल्हापुरात निम्म्या जागा राखीव ठेवायचा हुकूम निघाला, १९०६ला शाहू मिलची पायाभरणी झाली; तिकडे तोच काळ. संस्थानिक म्हटलं की शिकार आणि मेजवान्या आठवणाऱ्यांनी ही दोन नावं जरूर वाचावीत. माझ्या मते या गोष्टीतला खरा निर्णय पत्र लिहिण्याचा नव्हताच, बोस यांना कामावर घेण्याचा होता.

गोरुमहिसानीच्या डोंगरात बोस यांना सापडलेल्या खनिजात साठ टक्क्यांहून जास्त लोखंड होतं. पत्रानंतर तीन महिन्यांच्या आतच, १९ मे १९०४ला, जमशेटजी गेले. दोराबजींनी काम पुढे नेलं, पेरिन आणि वेल्ड यांनी जागा पाहून खात्री केली, १९०७ला कंपनी स्थापन झाली आणि १६ फेब्रुवारी १९१२ला साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पहिलं पोलाद निघालं.

बोस तोवर दुसऱ्या कामात होते. १९०६ला सुरू झालेल्या बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य. तिचंच पुढे जादवपूर विद्यापीठ झालं. त्यांचे सासरे रमेशचंद्र दत्त, जे पुढे बडोद्याला सयाजीरावांचे दिवाण होते, आणि मुलगा मधु बोस सिनेमा दिग्दर्शक. बोस १९३४ला वारले.

राजहराच्या खनिजाला मात्र भिलाईच्या पोलाद कारखान्याची वाट बघावी लागली. तिथली खनिजातून लोखंड काढणारी पहिली झोत भट्टी १९५९ला पेटली, तेव्हा बोस यांचा अहवाल बहात्तर वर्षांचा झाला होता.